ड्रायव्हरच्या पायाशी गरम लागतंय? एसीचा गॅस भरण्याआधी हे तपासा

एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ ला टेकला की गाडीत पाय शेकतात याचं कुणालाच नवल वाटत नाही. नेमकं म्हणूनच खरा बिघाड महिनोन्‌महिने लपून राहतो. तोंडावर गार हवा येते, पण क्लचवरचा पाय मात्र चुलीजवळ बसल्यासारखा. गॅरेजमध्ये पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "गॅस कमी आहे भो, भरून टाकू." गॅस भरला जातो, पैसे जातात आणि पाय शेकतच राहतात, कारण बहुतेक वेळा हा एसीचा प्रश्नच नसतो.

खालचा सगळा क्रम एका गोष्टीवर उभा आहे: उष्णता मोजू नका, फरक मोजा. ड्रायव्हरच्या पायाशी ४८ अंश आणि शेजारच्या सीटच्या पायाशीही ४८, तर ते ऊन आहे. एकीकडे ४८ आणि दुसरीकडे ४१, तर गाडीत काहीतरी आहे.

हाताशी काय ठेवायचं

- लेझरचा ठिपका टाकणारा थर्मामीटर. तो पृष्ठभागाचं तापमान सांगतो, हवेचं नाही.
- हवेसाठी सळी असलेला साधा डिजिटल थर्मामीटर.
- टॉर्च, जाड हातमोजे, मास्किंग टेप, टिश्यू पेपरच्या पट्ट्या.
- नळी चिमटीत धरायचा होज क्लॅम्प. नसला तर व्हाइस ग्रिप (पकडून अडकून राहणारी पक्कड), पण जबड्यांना जाड कापड गुंडाळून.
- गाडीखाली जाणार असाल तर दोन घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) आणि चाकाला लावायला लाकडी ठोकळे.
- सर्व्हिस बुक. वॉरंटी चालू असेल तर पायरी ४ नंतर स्वतः काही उघडू नका.
- कागद-पेन. आकडे डोक्यात राहत नाहीत.

लेझर थर्मामीटरबद्दल दोन सूचना. चकचकीत ॲल्युमिनियम किंवा स्टीलवर तो खूप कमी आकडा दाखवतो, म्हणून तिथे आधी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि टेपवर मोजा. हे फक्त गरम हवेच्या नळ्या-पत्र्यांवर. सायलेन्सरवर टेप जळून जाईल. दुसरं, लांबून मोजलं तर तो मोठ्या वर्तुळाची सरासरी धरतो. वीतभर अंतरावरूनच मोजा.

१. आधी ऊन वजा करा

पहिली चाचणी पहाटे. साडेपाच-सहाला, गाडी रात्रभर सावलीत उभी असताना. डांबर निवलेलं असतं, काचेतून ऊन येत नाही. गाडी सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंच्या पायाशी तापमान घ्या. दोन्ही सारखं असायला हवं.

मग एसी बंद, ब्लोअर बंद, तापमानाचा नॉब पूर्ण थंडवर ठेवून निदान २०-२५ किलोमीटर चालवा. जळगावहून भुसावळ गाठाल एवढं अंतर पुरे. शहरातल्या पाच मिनिटांच्या फेरीत काहीच कळत नाही, कारण कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आणि सायलेन्सर पूर्ण तापलेले नसतात.

थांबल्याबरोबर सहा जागी मोजा: दोन्ही बाजूंचा गालिचा, मधल्या उंचवट्याच्या दोन्ही कडा, पेडलच्या मागचा पत्रा आणि ड्रायव्हरच्या दरवाजाखालची कड. शेजारच्या बाजूपेक्षा ड्रायव्हरची बाजू ५ अंशांहून जास्त गरम असेल तर पुढे जा. त्याहून कमी असेल तर काचांचं सन कंट्रोल, सावलीतलं पार्किंग आणि एसीची नीट सर्व्हिस याकडे बघा.

दुपारी हीच चाचणी का नको? मे महिन्याच्या दुपारी इथलं डांबर ६० अंशांपलीकडे जातं. गाडीचा तळ खालून तापतो आणि ७-८ अंशांचा खरा फरक त्यात हरवून जातो.

२. डावा पाय की उजवा

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून पायावरून बरंच कळतं.

डाव्या पायाची बाहेरची बाजू आणि पोटरी शेकत असेल तर उगम मधल्या भागात असतो. तिथे दोन संशयित शेजारी-शेजारी राहतात: डॅशबोर्डच्या मधोमध असलेलं हीटरचं खोकं, आणि गालिच्याखालच्या बोगद्यातून मागे जाणारा सायलेन्सरचा पाइप. उजव्या पायाची बाहेरची बाजू गरम होत असेल तर दरवाजातून येणारं ऊन, फायरवॉलमधली (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातली) एखादी फट किंवा त्या बाजूला बसवलेली फ्यूज बॉक्स. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला गरम झोत लागत असेल तर ती पायाकडची एसी-हीटरची वाट. तळवे भाजत असतील तर सरळ खालचा पत्रा.

३. हवा की पत्रा, हे ठरवल्याशिवाय काही उघडू नका

ही पायरी गाळली की पुढची सगळी मेहनत वाया जाते. गाडीत उष्णता दोनच प्रकारे पायापर्यंत येते: हवेवर बसून, नाहीतर पत्र्यातून झिरपत.

टिश्यूची पट्टी टेपने पायाकडच्या हवेच्या तोंडाशी लटकवा. एक पट्टी पेडलच्या वरच्या भागात आणि एक गियर लिव्हरच्या बुटाशी, म्हणजे दांड्याच्या बुडाच्या रबरी आवरणाशी. पेडलच्या हालचालीत काही येणार नाही एवढ्या आखूड पट्ट्या घ्या आणि बघायला शेजारी कुणाला तरी बसवा. ब्लोअर बंद, काचा बंद, वेग ६० च्या आसपास.

- पायाकडच्या तोंडाशी पट्टी हलते आणि बाहेरची हवा बंद करून आतली हवा फिरवायचं बटण दाबल्यावर थांबते: हवा हीटरच्या खोक्यातून येते. पायरी ४.
- ते बटण दाबूनही पेडलपाशी किंवा गियरपाशी पट्टी हलत राहते: फायरवॉल किंवा तळातून गळती. पायरी ६.
- कुठलीच पट्टी हलत नाही, पण गालिचा गरम: पत्रा तापतोय. पायरी ७.

ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत हे बटण सिस्टम स्वतःच बदलते, म्हणून चाचणीपुरतं ऑटो बंद करा.

धूर सोडून गळती शोधण्यासाठी उदबत्ती लावायचा सल्ला मिळतो. सीएनजी-एलपीजीच्या गाडीत हे अजिबात करू नका, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर कुठल्याच गाडीत नको.

४. हीटरचा फ्लॅप

इथे जरा थांबून समजून घ्यायला हवं, कारण सर्वाधिक गाड्यांचं दुखणं इथेच निघतं आणि नेमकं हेच लोकांना पटत नाही. "आपल्याकडे हीटर कोण लावतं?" हे खरं आहे. पण तुम्ही हीटर लावत नसलात तरी आजच्या बहुतेक गाड्यांत तो तापलेलाच असतो. इंजिनातलं ८५ ते १०० अंशांचं कूलंट डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून, बाराही महिने फिरतं. जुन्या गाड्यांत ते अडवायला व्हॉल्व्ह असायचा. पुष्कळ नव्या गाड्यांत तो नाही. गरम हवा तुमच्यापर्यंत येऊ न देण्याचं काम एक प्लास्टिकची झडप करते. तिलाच गॅरेजमध्ये फ्लॅप म्हणतात.

या फ्लॅपच्या कडेला फोम चिकटवलेला असतो. वर्षानुवर्षं उन्हात तापून तो भुकटी होतो. मग फ्लॅप बंद असूनही कडेने गरम हवा सुटते. बहुतेक गाड्यांत पायाकडची वाट खोक्याच्या खालच्या भागातून निघते, म्हणून तोंडावरची हवा गार आणि पायाशी ऊब असा घोळ होतो. व्हेंटमधून काळ्या स्पंजचे बारीक कण डॅशबोर्डवर पडत असतील तर ही त्याचीच खूण.

तपास असा करा. इंजिन तापलेलं, एसी बंद, ब्लोअर २ वर, हवा पायाकडे, नॉब पूर्ण थंड, बाहेरची हवा चालू. पायाच्या तोंडाशी सळीचा थर्मामीटर धरा. निरोगी गाडीत ही हवा बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ३ ते ५ अंशांनी गरम असते. १० किंवा त्याहून जास्त फरक असेल तर फ्लॅप पूर्ण मिटत नाही.

आता नॉब थंड टोकाकडून गरम टोकाकडे हळूहळू फिरवा आणि परत आणा. केबलवर चालणाऱ्या गाडीत दोन्ही टोकांना फ्लॅप टेकल्याचा "टप्" असा आवाज यायला हवा. थंड टोकाला आवाज येत नसेल किंवा नॉब स्पंजासारखा परत उसळत असेल तर केबल क्लिपमधून सरकली आहे. ही दुरुस्ती फुकटात होते: डॅशबोर्डखाली आडवं होऊन केबलचं बाहेरचं आवरण क्लिपमध्ये धरा, नॉब पूर्ण थंड, फ्लॅपचा दांडा हाताने थंड टोकाला नेऊन टेकवा आणि क्लिप बसवा. फार तर अर्ध्या तासाचं काम.

मोटारवर चालणाऱ्या फ्लॅपमध्ये "टिक-टिक-टिक" असा आवाज गाडी सुरू करताना काही सेकंद येत असेल तर आतल्या प्लास्टिकच्या गियरचे दाते तुटले आहेत. मोटार बदलावी लागते. ग्रीस लावून उपयोग नाही.

केबल ठीक, मोटार ठीक आणि तरी १० अंशांचा फरक, तर फोम गेला. त्यासाठी खोकं बाहेर काढावं लागतं, बऱ्याच गाड्यांत सबंध डॅशबोर्ड उतरवून. मजुरी सामानापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून हे काम सांगण्याआधी पुढची चाचणी करून खात्री करा.

५. नळी दाबून खात्री

बॉनेट उघडलं की फायरवॉलमध्ये शिरणाऱ्या दोन शेजारी-शेजारी रबरी नळ्या दिसतील, साधारण अंगठ्याएवढ्या जाड. त्या हीटरच्या.

इंजिन तापलेलं आणि नॉब थंडवर असताना दोन्हींचं तापमान घ्या. दोन्ही ८०-९० असतील तर कोअरमधून कूलंट वाहतंय. गाडीत व्हॉल्व्ह असेल तर नॉब थंडवर असताना एक नळी गरम आणि दुसरी बरीच कोमट हवी. दोन्ही सारख्याच तापल्या असतील तर व्हॉल्व्ह अडकला आहे. हा भाग मात्र स्वस्तात आणि डॅशबोर्ड न उघडता बदलतो.

मग इंजिन बंद करून पूर्ण निवू द्या. आत जाणारी नळी होज क्लॅम्पने दाबा आणि तीच २० किलोमीटरची फेरी पुन्हा मारा. पायाची ऊब गेली तर गुन्हेगार हीटरच. तसूभरही फरक पडला नाही तर डॅशबोर्डला हात लावू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

नळी कडक झालेली, तडे गेलेली किंवा प्लास्टिकची असेल तर दाबू नका. चाचणीत तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. तापलेल्या इंजिनाचं कूलंटचं झाकण उघडायचं नाही, हे वेगळं सांगायला नको, पण दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी हात भाजून घेतोच.

"हीटर कायमचा बायपास करून टाका," हा इथला लोकप्रिय उपाय. तो चालतो, पण नळीला बूच मारून नाही, दोन नळ्या यू आकाराच्या पाइपने एकमेकींना जोडून. काही इंजिनांत हीच वाट थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बंद असताना कूलंट फिरायला लागते, बूच मारलं तर ती कोंडते. आणखी एक तोटा आहे. चाळीसगावहून कन्नड घाट किंवा साक्रीपुढचा कोंडाईबारी चढताना काटा वर जायला लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करणं ही शेवटची तात्पुरती युक्ती असते. बायपास केल्यावर ती राहत नाही. थंडीत धुळ्याकडे पारा एक आकडी होतो तेव्हा काचेवरची वाफ घालवायलाही हीटर लागतो.

गालिचा ओला आहे का, तेही याच वेळी बघा. एसीचं पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असतं. बोटांना चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचं असेल तर कोअर गळतोय; पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकंही धरतं. चव घेऊन बघू नका, कूलंट विषारी असतं. कोअर गळण्यामागे बऱ्याचदा बोअरचं क्षाराचं पाणी असतं. कूलंट कमी झालं की बाटलीतून बोअरचं पाणी ओतायची सवय मोडा. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलेलंच घाला.

६. फायरवॉल आणि तळाची भोकं

क्लच केबल, स्टिअरिंगचा दांडा, वायरिंग, हीटरच्या नळ्या. प्रत्येकासाठी पत्र्यात भोक आणि भोकाला रबर असतं. भर दिवसा गाडी उन्हात उभी करा, बॉनेट उघडं ठेवा, आत डोक्यावरून चादर घेऊन पेडलच्या मागे बघा. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथून इंजिनची हवा आत येते.

तीन गोष्टी वारंवार सापडतात. जास्तीचे दिवे, हॉर्न किंवा ॲम्प्लिफायरची वायर ओढताना पाडलेलं आणि तसंच सोडलेलं भोक. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटच्या वायरचं भोक. आणि उंदीर: धान्याच्या गोदामापाशी किंवा शेतातल्या शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीचे ते रबरही कुरतडतात आणि फायरवॉलवरची उष्णतारोधक चटईही नेतात.

योग्य मापाचं रबर बसवा, ते फार महाग नसतं. वायरभोवतीची फट उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉन सीलंटने भरा. फोमचा स्प्रे मारू नका. इंजिनच्या बाजूला तो टिकत नाही आणि पेटतो.

बोलेरो, सुमोसारख्या गाड्यांत गियरबॉक्स ड्रायव्हरच्या डाव्या हाताखालीच असतो. गियर लिव्हरचा रबरी बूट फाटला की सरळ गियरबॉक्सवरून तापलेली हवा मांडीपर्यंत येते. वरचं रेक्झिनचं कव्हर शाबूत दिसतं, म्हणून फसायला होतं. ते उचलून खालचा बूट बघा.

ओम्नी आणि ईकोची गोष्ट वेगळी. इंजिन पुढच्या सीटखालीच असल्यामुळे थोडी ऊब जन्मजात आहे. तिथे फक्त दोन गोष्टी तपासा: सीटखालच्या इंजिन कव्हरच्या कडेचं रबर आणि कव्हर आवळणाऱ्या खिट्ट्या. रबर चपटं झालं असेल तर उष्णतेबरोबर धूरही आत येतो.

७. खालून: सायलेन्सर आणि हीट शील्ड

सायलेन्सरच्या पाइपवर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या डब्यावर) पातळ पत्र्याचं कवच असतं. शेतरस्त्यावर, नाहीतर उंच स्पीडब्रेकरवर ते घासतं, बोल्टभोवतीचा पत्रा गंजून फाटतो, कवच लोंबतं आणि एक दिवस पडून जातं. ठरावीक आरपीएमला खालून डबा वाजल्यासारखा आवाज येत असेल आणि मग अचानक बंद झाला असेल, तर कवच आपोआप दुरुस्त झालेलं नाही. रस्त्यात कुठेतरी पडलं आहे.

बघायची सोपी जागा वॉशिंग सेंटरचा रॅम्प. पण गरम कन्व्हर्टरवर थंड पाण्याचा फवारा मारू देऊ नका, आतली चिनी मातीची जाळी तडकू शकते. घरी बघणार असाल तर गाडी दोन तास निवू द्या, घोड्या लावा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही.

कवच आणि पाइप यांच्यात बोटभर मोकळी हवा हवी. उष्णता अडवते ती हवा. कवच वाजतं म्हणून ठोकून पाइपला टेकवलं तर कवचच तापून तळ तापवतं. बोल्टचं भोक मोठं झालं असेल तर रुंद स्टील वॉशर घाला. केबल टाय, एम-सील, कापडी पट्ट्या इथे टिकत नाहीत.

कवच जागेवर असूनही तळ भाजतोय, तर कन्व्हर्टर नेहमीपेक्षा जास्त तापतोय का बघा. एखादा प्लग मिसफायर करत असेल तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. गाडी धक्के देते, इंजिनचा दिवा लुकलुकतो. अशी गाडी पुढे रेटू नका.

बीएस-६ डिझेल गाड्यांत आणखी एक प्रकार आहे. धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळायला गाडी मधूनमधून एग्झॉस्टचं तापमान ६०० अंशांच्या घरात नेते. त्या १५-२० मिनिटांत आयडल थोडं वाढतं, बंद केल्यावर पंखा फिरत राहतो, खालून ऊब जाणवते. हा बिघाड नाही. रोज व्हायला लागलं तर मात्र दाखवा. अशा वेळी गाडी वाळलेल्या केळीच्या पानांवर, गव्हाच्या काडावर किंवा कपाशीच्या काड्यांवर उभी करू नका. पेट घेतं.

एग्झॉस्टची गळती ही या यादीतली सर्वांत धोकादायक गोष्ट. सकाळी थंड इंजिन सुरू करताना "चुक-चुक" आवाज, जोडांपाशी काळी काजळी, आत धुराचा वास. उघड्यावर, कुणी मागे जाडं ओलं फडकं दोन-तीन सेकंद टेलपाइपवर धरलं तर गळतीच्या जागी फुसफुस ऐकू येते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडीत डोकं दुखतं, मळमळतं, बाहेर आल्यावर बरं वाटतं असं असेल तर काचा उघडून गाडी थेट गॅरेजला न्या आणि बाकीच्या पायऱ्या नंतर करा.

८. वायर तापते आहे का

उजव्या गुडघ्याजवळच फक्त गरम आणि प्लास्टिक जळल्याचा वास, तर इंजिन बंद करून फ्यूज बॉक्सवर थर्मामीटर फिरवा. एखादा फ्यूज किंवा जोड शेजाऱ्यांपेक्षा १५-२० अंशांनी गरम असेल तर तिथे जोड सैल आहे किंवा भार जास्त आहे. रिलेशिवाय (जास्त भार पेलणाऱ्या स्विचशिवाय) बसवलेले जास्त वॉटचे दिवे हे नेहमीचं कारण. फ्यूज वितळतो म्हणून मोठा फ्यूज घालणं म्हणजे वायर पेटवायची सोय करणं.

९. सीएनजी किट असेल तर

सीएनजीचा रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गोठू नये म्हणून त्याला इंजिनचं गरम कूलंट दिलेलं असतं, आणि बाहेरून किट बसवताना ती जोडणी बऱ्याचदा हीटरच्या नळीतूनच काढतात. ती चुकीच्या बाजूने घेतली तर हीटर व्हॉल्व्ह बंद असूनही कोअर तापत राहतो. ऊब किट बसवल्यानंतरच सुरू झाली असेल तर सगळ्यात आधी टी जोड कुठे बसवलेत ते बघा. ते बदलायचं काम किट बसवणाऱ्याकडूनच करून घ्या, म्हणजे गॅसच्या गळतीची तपासणीही तिथेच होते.

यात पैसे घालू नका

गालिच्याखाली गोणपाट किंवा मॅटवर मॅट: पाणी धरून पत्रा गंजतो, आणि सरकलेली मॅट ॲक्सिलरेटरखाली अडकली तर अपघात. सबंध तळाला रेक्झिन चिकटवणं: गळणारा कोअर झाकला जातो. डांबरी आवाजरोधक शीट: मे महिन्यात मऊ होऊन वास सोडते. चादर घालायचीच असेल तर ॲल्युमिनियमचा थर असलेली उष्णतारोधक घ्या, तीही कारण दुरुस्त झाल्यावर.

एसीचा गॅस भरायचाच झाला तर दाबाच्या "काट्यावर" अंदाजाने नको. बॉनेटखालच्या स्टिकरवर किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं, तेवढाच वजनाने भरून घ्या. जास्त गॅसनेही गारवा कमी होतो.

गॅरेजला देताना

"पायाशी गरम होतं" एवढंच सांगितलं तर पुन्हा गॅसवरच येतील. जॉब कार्डवर असं लिहून घ्या: "एसी बंद, नॉब थंड, बाहेर २९ अंश, पायाच्या व्हेंटला ४३, हीटरची नळी दाबल्यावर ३२." किंवा, "हवेची हालचाल नाही, मधल्या उंचवट्याची उजवी कड डावीपेक्षा ९ अंशांनी जास्त." काढलेला जुना भाग परत मागा. गाडी ताब्यात घेतल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे तीच फेरी, तेच अंतर, त्याच सहा जागा. आकडे जुन्या कागदाशेजारीच लिहा.